'सध्या ब्रेकवर आहे' : एका ले-ऑफची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची केस

केसची माहिती आधी देतो. माझा एक जुना मित्र, वय चाळिशीच्या पुढे, मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत बारा-तेरा वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग, बायकोची नोकरी चालू, मुलगी शाळेत, घराचा हप्ता डोक्यावर. कंपनीने दोन प्लांटचं प्लॅनिंग एकाच ठिकाणाहून करायचं ठरवलं, मग दोन प्लॅनिंग टीम कशाला, म्हणून याच्या टीममधले बऱ्याच जणांची नोकरी एका दिवसात गेली. त्यात हा. मागच्या तिन्ही वर्षांचं रेटिंग चांगलं होतं, त्यामुळे 'काम जमत नव्हतं म्हणून काढलं' असा विषयच नव्हता, पण हे त्याच्या स्वतःच्या डोक्यात शिरायला जवळजवळ अर्धं वर्ष लागलं. त्याला विचारून लिहितोय, नाव आणि कंपनी दोन्ही सांगणार नाही, आणि ती या केसमध्ये लागतही नाहीत.

मला ही केस लिहावीशी वाटली कारण याने पहिल्या आठवड्यात जे केलं ते अगदी नमुन्यादाखल ठेवावं इतकं छान होतं, आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत जे केलं त्याने जवळपास सगळं घालवलं. आणि ते घालवलं आळसामुळे नाही. तो रोज काम करत होता. फक्त कोणाला कळू देत नव्हता.

पहिला आठवडा

एचआरने मीटिंगला बोलावलं, कागद पुढे केला आणि आजच सही करून टाका म्हणजे पैसे लवकर निघतील असं सांगितलं. याने सही केली नाही. भांडला पण नाही. 'वाचून सांगतो, मला हे मेलवर पाठवा आणि किती दिवस वेळ आहे तेही त्यातच लिहा' एवढंच बोलला. हे वाक्य त्या अवस्थेत सुचणं म्हणजे कमाल आहे, कारण तेव्हा माणसाचे कान बंद झालेले असतात आणि समोरचा काय बोलतोय त्यातलं निम्मं पोचतच नाही. म्हणून तर लेखी मागायचं.

घरी येऊन दोघांनी कागद वाचला आणि प्रश्न काढले. शेवटचा पगार कुठल्या तारखेला, शिल्लक रजेचे पैसे किती, नोटीस पिरियडचे पैसे मिळणार की त्या दिवसांत कामावर यायचं, आरोग्य विमा नेमका कुठल्या तारखेपर्यंत चालू, आणि स्पर्धक कंपनीत जायला काही बंदी लिहिलीय का. कायदा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, त्यामुळे कोणाला काय मिळतं ते इथे सांगण्यात अर्थ नाही, पण हे प्रश्न कुठेही विचारता येतात. विम्याच्या तारखेचा मुद्दा बायकोने काढला आणि तोच सगळ्यात उपयोगी पडला, मधल्या काळासाठी वेगळा विमा वेळेत घेता आला.

अजून एक गोष्ट त्याने मागितली, अनुभवाच्या पत्रात 'पद रद्द झाल्यामुळे' असं कारण स्पष्ट लिहून द्या. एचआरने आधी टाळाटाळ केली, मग दिलं. पुढे इंटरव्ह्यूमध्ये हे पत्र दोनदा कामी आलं. शिवाय लगेच, म्हणजे लोकांच्या मनात ताजं असतानाच, दोन मॅनेजरना विचारून ठेवलं की कोणी रेफरन्ससाठी फोन केला तर तुम्ही बोलाल ना. सहा महिन्यांनी विचारलं असतं तर त्यातला एक स्वतःच कंपनी सोडून गेला होता, त्याला शोधत बसावं लागलं असतं.

पैशाचं सांगायचं तर मिळालेली एकरकमी रक्कम त्याने वेगळ्या खात्यात टाकली आणि त्यातून दर महिन्याच्या एक तारखेला ठराविक रक्कम घरखर्चाच्या खात्यात येईल असं लावून टाकलं. म्हणजे स्वतःच स्वतःला छोटा पगार चालू केला. याचा फायदा असा की खात्यात मोठा आकडा दिसून हात सैल सुटत नाही आणि घाबरून सगळंच बंदही केलं जात नाही, आणि किती महिने निघतील हे एका भागाकारात कळतं. बँकेला त्याने हप्ता चुकायच्या आधी फोन केला, चुकल्यावर नाही. अजून हप्ते व्यवस्थित चालू असलेल्या माणसाशी बँक वेगळ्या सुरात बोलते, हे ज्यांनी दोन्ही वेळेला फोन केलेत त्यांना माहितीये.

इथपर्यंत शंभर पैकी नव्वद मार्क.

मग गप्प बसला

घरी सांगितलं, मला सांगितलं, अजून एका मित्राला सांगितलं. बस. आईवडिलांना नाही, भावाला नाही, जुन्या सप्लायर लोकांना नाही, आधीच्या कंपनीतल्या कोणालाच नाही. ऑनलाइन प्रोफाईलवर जुनीच कंपनी, जुनंच पद. कोणी विचारलंच तर 'सध्या जरा ब्रेकवर आहे, बघू पुढे'. तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही, पण ते वाक्य ऐकणाऱ्याला असंच वाटायचं की याचं बरं चाललंय, दमला असेल, घेतली असेल सुट्टी, याला काही लागत नाहीये.

त्याचं म्हणणं होतं की नोकरी मिळाली की एकदमच सांगतो, म्हणजे 'गेली' असं सांगायची वेळच येणार नाही. ऐकायला बरं वाटतं. पण याचा अर्थ असा झाला की त्याच्याकडे नोकरी शोधायचा एकच रस्ता उरला, रात्री लॅपटॉप उघडायचा आणि जाहिरातींना अर्ज टाकत सुटायचं, जिथे त्याला कोणी ओळखत नाही आणि तो ज्यांच्याशी स्पर्धा करतोय ते शेकड्याने आहेत. बारा-तेरा वर्षांत कमावलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या कामाची खात्री असलेली माणसं, आणि ती सगळी त्याने बाजूला ठेवून दिली.

इथे एक जुना अभ्यास आठवतो. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एक निबंध लिहिला, त्यात बोस्टनजवळच्या एका उपनगरातल्या लोकांना विचारलं होतं की तुम्हाला ही नोकरी कोणाकडून कळली. ज्यांना ओळखीतून कळली त्यातल्या फक्त 16.7 टक्के लोकांचं त्या ओळखीच्या माणसाशी नेहमी भेटणं-बोलणं होतं. 55.6 टक्के लोकांचं अधूनमधून आणि 27.8 टक्क्यांचं तर क्वचित कधीतरी. कारण सरळ आहे, जवळच्या मित्रांना जे माहितीये ते आपल्यालाही आधीच माहिती असतं, बातमी येते ती बाहेरच्या गोटातून. नंतर 2022 मध्ये लिंक्डइन या नोकरी-धंद्यातल्या ओळखींच्या वेबसाइटवरच्या 2 कोटी लोकांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापून आले, त्यातही बेताच्या ओळखीच नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडल्या. अगदी जवळच्या पण नाहीत आणि अगदी नावापुरत्या पण नाहीत, मधल्या.

आता याने काय केलं होतं बघा. जवळच्या दोघांना सांगितलं, अनोळखी शेकडोंना अर्ज पाठवले, आणि मधले सगळे वगळले!

दुसरी अडचण वेळेची. अमेरिकेत क्रॉफ्ट, लँगे आणि नोटोविडिग्डो या तिघांनी एक प्रयोग केला होता, 2013 मध्ये छापला. सुमारे 12,000 बनावट रेझ्युमे सुमारे 3,000 खऱ्या जाहिरातींना पाठवले, बाकी मजकूर तोलामोलाचा, फक्त किती महिने बेकार आहे ते वेगवेगळं. जितका काळ जास्त तितके बोलावणं येण्याचे चान्सेस कमी, आणि घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच होते. म्हणजे सुरुवातीचे महिने हेच भरवशाचे महिने, आणि नेमके तेच आपण लाजण्यात घालवतो. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही, त्या अवस्थेत असलेल्या माणसाला असले आकडे सांगणं म्हणजे अजून घाबरवणं. पण त्याच अभ्यासात हेही आहे की जिथे मुळात बाजारच मंदीत असतो तिथे कंपन्या गॅपकडे तेवढं बघत नाहीत, कारण सगळेच अडकलेत हे त्यांनाही दिसत असतं. हा भाग सांगितला असता तर बरं वाटलं असतं कदाचित.

दिवस कुठे गेला

या तीन महिन्यांत त्याचा दिवस हळूहळू सैल होत गेला. सुरुवातीला नऊला टेबलावर, मग दहाला, मग 'आज रविवार आहे का' इथपर्यंत. बायको संध्याकाळी विचारायची आज काय काय केलं, तर त्याला खरंच आठवायचं नाही. त्याला ते चिडून विचारलंय असं वाटू नये म्हणून तिने विचारणंच बंद केलं, मग त्याला वाटायला लागलं हिला आता काही देणंघेणं नाही. दोघांनी नंतर हे एकमेकांना सांगितलं तेव्हा हसले, पण तेव्हा घरात जाम शांतता होती.

याला आळशीपणा म्हणणाऱ्यांनी मारियेनथाल वाचावं. व्हिएन्नाजवळचं हे गाव सगळंच्या सगळं एका कापड कारखान्यावर जगत होतं आणि 1929-30 मध्ये तो कारखाना बंद पडला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाईझल यांच्या टीमने तिथे जाऊन बघितलं की सगळं गाव बेकार झालं की काय होतं, आणि 1933 मध्ये ते छापलं. त्यांनी रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांचा वेगसुद्धा मोजला, पुरुष सावकाश चालायचे आणि मधेमधे थांबायचे, कुठे पोचायची घाईच नव्हती. दिवसभरात काय केलं ते लिहून द्या म्हटलं तर बऱ्याच पुरुषांना दोन-तीन ओळींपलीकडे काही लिहिता येईना. आणि सगळ्यात नवल म्हणजे वेळच वेळ असूनही गावच्या लायब्ररीतून पुस्तकं नेण्याचं प्रमाण 1929 ते 1931 मध्ये जवळपास निम्म्यावर आलं. लायब्ररीने फी काढून टाकली तरी!

याहोडाने पुढे मांडलं की नोकरी पगाराबरोबर अजून पाच गोष्टी न मागता देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपण मिळून काहीतरी करतोय ही भावना, समाजात एक स्थान, आणि रोज काहीतरी करत राहावं लागणं. नोकरी गेली की या पाचही एकदम जातात. आता माझ्या मित्राकडे बघा, त्याने पगाराची सोय पहिल्याच आठवड्यात केली होती, अगदी ऑटोमॅटिक. बाकीच्या पाचांचं काय करायचं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि लपवालपवीमुळे त्यातली घराबाहेरची माणसं त्याने स्वतःहून तोडली.

सप्लायरचा फोन

चौथ्या महिन्यात एका जुन्या सप्लायरचा फोन आला, कसल्यातरी जुन्या बिलाबद्दल. बोलता बोलता हा म्हणाला की मी आता तिथे नाहीये. कधीपासून? तर झाले तीन-चार महिने. तिकडून एकदम शांत. मग तो सप्लायर म्हणाला, "अहो साहेब, काय हे, आम्ही प्लॅनिंगला माणूस शोधत होतो की, गेल्याच महिन्यात घेतला एकजण. तुम्ही मोकळे आहात हे कळलं असतं तर दुसरीकडे कशाला बघितलं असतं?"

फोन ठेवल्यावर त्याने मला फोन केला आणि आधी दहा मिनिटं त्या सप्लायरवरच चिडला, मला विचारायला काय झालं होतं म्हणून. मी म्हटलं, अरे त्याने काय विचारायचं होतं, तुझ्या प्रोफाईलवर अजून ती नोकरी चालू आहे.

त्या रात्री बसून त्याने मेसेज लिहिला. पहिला ड्राफ्ट वाईट होता. 'काही ओपनिंग असेल तर नक्की कळवा' या टाईपचा. असा मेसेज आला की समोरचा 'हो नक्की' लिहितो आणि विसरतो, त्यात त्याचा दोष नाही, त्याला नेमकं काय शोधायचं तेच कळत नाही. शेवटी जो गेला तो साधारण असा:

"नमस्कार. आमच्या कंपनीने प्लॅनिंग विभाग एकत्र केला त्यात माझं पद रद्द झालं, आता मी मोकळा आहे. कच्चा माल वेळेवर येणं आणि स्टॉक कमी ठेवणं या दोन गोष्टी मी चांगल्या करतो, आपण ती नवीन लाईन चालू केली तेव्हा तुम्ही बघितलंय. फॅक्टरीच पाहिजे असं नाही, जिथे भरपूर माल आत-बाहेर होतो अशी कुठलीही जागा चालेल. तुमच्या ओळखीत स्टॉकमुळे वैतागलेलं कोणी असेल तर फक्त माझं नाव त्यांच्या कानावर घाला. नोकरी द्या असं म्हणत नाहीये."

यात मला 'स्टॉकमुळे वैतागलेलं कोणी' हे फार आवडलं. वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर लगेच एखादा माणूस येतो. आणि शेवटच्या वाक्याने समोरच्यावरचं ओझं उतरतं.

प्रत्येकाला वेगळा पाठवला, पहिली ओळ आणि 'तुम्ही बघितलंय' वालं वाक्य दर वेळी बदलून. जुने सप्लायर, ट्रान्सपोर्टवाले, ऑडिटला यायचे ते, सोडून गेलेले सहकारी, ज्यांना त्याने शिकवलं होतं ती मुलं. प्रोफाईलही बदललं. आईवडिलांना सांगितलं, तर वडील म्हणाले आम्हाला दोन महिन्यांपूर्वीच अंदाज आला होता, तू दुपारी फोन उचलायला लागलास तेव्हाच.

उत्तरं आली. बरीचशी नुसती सहानुभूतीची, काहींचं काहीच नाही. ज्याच्याबरोबर दहा वर्षं शेजारच्या टेबलावर काढली त्याने मेसेज वाचून सोडून दिला, हे लागलं त्याला. (तो शेजारच्या टेबलावरचा स्वतःच पुढच्या लिस्टमध्ये आपलं नाव असेल या धास्तीत होता, हे नंतर कळलं.)

कामाचं उत्तर आलं ते एका मुलीकडून, जी सहा-सात वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली ट्रेनी होती आणि आता हॉस्पिटलना सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या कंपनीत होती. "सर, आमच्या एका क्लायंटकडे स्टोअरचा फार गोंधळ आहे, त्यांना माणूस पाहिजे. पण ते फार्मसीवालाच हवा म्हणून बसलेत. मी एकदा तुमच्याबद्दल बोलून बघू का?"

हॉस्पिटल

याची पहिली प्रतिक्रिया, 'मला औषधांतलं काय कळतं'. हे वाक्य आपण सगळेच म्हणतो आणि इथेच बरेच जण थांबतात. एक दिवस बसून त्याने एका कागदावर डावीकडे फॅक्टरीतलं काम लिहिलं आणि उजवीकडे हॉस्पिटलमध्ये त्याला काय म्हणत असतील ते शोधून लिहिलं, आणि त्याच्याच लक्षात आलं की बरंचसं तेच आहे. महागड्या आणि स्वस्त मालाची एबीसी वर्गवारी दोन्हीकडे तीच. हॉस्पिटलमध्ये त्याच्या जोडीला व्हीईडी लावतात, म्हणजे जीव वाचवायला लागणारं, गरजेचं आणि असलं तर बरं, अशी तीन गटांत विभागणी, कारण एखादं इंजेक्शन अगदी स्वस्त असून नसलं तर माणूस दगावू शकतो. फॅक्टरीत आधी आलेला माल आधी वापरायचा, इथे आधी एक्सपायर होणारा आधी वापरायचा. लीड टाईम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ), सेफ्टी स्टॉक (अडीनडीला ठेवलेला जादा माल), रिऑर्डर लेव्हल (किती उरलं की नवीन ऑर्डर द्यायची), सगळं त्याच्या रोजच्या वापरातलं.

आणि एक हुकमी पत्ता त्याच्या हातात निघाला. गुडघ्याचे वगैरे इम्प्लांट बऱ्याच हॉस्पिटलमध्ये सप्लायर आणून ठेवतो, पण माल त्याच्याच मालकीचा राहतो, वापरला गेला की मगच बिल लागतं. याला कन्साइनमेंट म्हणतात आणि यात हिशोबाचा फार घोळ होतो, वापरलं किती, परत गेलं किती, साईज कुठली उरली. माझ्या मित्राने फॅक्टरीत अशाच पद्धतीने बेअरिंगचा स्टॉक कितीतरी वर्षं सांभाळला होता. जो अनुभव त्याच्या रेझ्युमेत चौथ्या पानावर अर्ध्या ओळीत होता, तो वर आला आणि रेझ्युमे दोन पानांचा झाला. आधीच्या रेझ्युमेत 'जबाबदाऱ्या' होत्या, काय काय बघायचो ते. नवीन रेझ्युमेत काय बदललं ते होतं, स्टॉक किती खाली आणला, लाईन थांबण्याचे प्रसंग किती कमी झाले. आकडे त्याने आठवतील तेवढेच आणि विचारलं तर समजावून सांगता येतील तेवढेच लिहिले. कंपनीच्या आतल्या फायली घेऊन बाहेर पडायचं नसतं, हे त्याला माहिती होतं.

तरीपण लगेच झालं नाही. इंटरव्ह्यू झाला, पण त्या हॉस्पिटलने आधी दुसऱ्याला घेतलं, फार्मसीवाल्यालाच. त्याच आठवड्यात अजून एका ठिकाणाहून, जिथे तीन राउंड झाले होते, एक ओळीचा नकार आला. माझ्या मते पूर्ण केसमधला हा सगळ्यात धोक्याचा काळ होता, ले-ऑफच्या दिवसापेक्षाही, कारण आता तर त्याने सगळ्यांना सांगितलं होतं आणि तरी काही झालं नव्हतं. तो परत गप्प व्हायच्या मार्गावर होता. झोप गेली होती, बायकोने आग्रह धरला आणि डॉक्टरकडे नेलं, काही आठवडे समुपदेशकाकडेही गेला. हे मुद्दाम लिहितोय, कारण 'पॉझिटिव्ह राहा' असं सांगणारे ढिगाने भेटतात आणि डॉक्टरकडे जा म्हणणारा एखादाच.

समुपदेशकाने त्याला रोज वीसेक मिनिटं लिहायला सांगितलं, नोकरी गेल्याबद्दल मनात जे आहे ते, कोणाला दाखवायचं नाही. हा मार्ग तपासून बघितलेला आहे. स्पेरा, बुअरफाईंड आणि पेनेबेकर यांनी 1994 मध्ये नोकरी गेलेल्या 63 अनुभवी लोकांवर हा प्रयोग छापला होता. ज्यांनी मनातलं लिहिलं त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या, आणि गंमत म्हणजे त्यांनी इतरांपेक्षा जास्त अर्ज किंवा फोन केले होते असं काही दिसलं नाही. छोटा प्रयोग आहे, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण माझ्या मित्राच्या बाबतीत मला फरक दिसला तो इंटरव्ह्यूत. आधी 'जुनी नोकरी का सोडली' या प्रश्नावर तो चार मिनिटं बोलायचा, कोणी काय चुकीचे निर्णय घेतले, आपल्या टीमचे आकडे कसे चांगले होते वगैरे, आणि सगळा कडवटपणा टेबलावर यायचा. तो राग वहीत उतरल्यावर उत्तर दोन वाक्यांचं झालं: "दोन प्लांटचं प्लॅनिंग एकत्र झालं, त्यात आमच्या टीममधली बरीच पदं गेली, माझंही गेलं. पत्र सोबत आहे." आणि लगेच कामाच्या विषयावर. समोरच्याला खरं तर तेवढंच पाहिजे असतं, याच्यात काही लफडं नाही ना एवढंच बघायचं असतं.

दुसरं, इंटरव्ह्यूच्या आधीच आम्ही बोलून ठेवायला लागलो की नकार आला तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नेमकं काय करायचं. मिशिगन विद्यापीठात 1980 च्या दशकात बेकार लोकांसाठी जॉब्स नावाचं शिबिर तयार केलं होतं, त्यातला हा एक मुख्य भाग, धक्का बसायच्या आधी त्याची तयारी करायची. नकार आला की हा संध्याकाळी मुलीबरोबर बॅडमिंटन खेळायला जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नकार देणाऱ्यांना थँक्यूचा मेल, 'पुढे कधी गरज लागली तर कळवा' म्हणून.

असाच मेल त्या हॉस्पिटललाही गेला होता. दीड-दोन महिन्यांनी तिकडूनच फोन आला. फार्मसीवाला औषधांचं बघत होता पण इम्प्लांट आणि बाकी सामानाचा गोंधळ तसाच होता, आणि त्यांना तो इंटरव्ह्यूत कन्साइनमेंटबद्दल बोललेला माणूस आठवला. दुसऱ्या इंटरव्ह्यूत त्यांनी फक्त एवढंच विचारलं की पहिल्या महिन्यात काय कराल. तो म्हणाला, काही बदलणार नाही, आधी कपाटात काय आहे आणि कॉम्प्युटर काय दाखवतोय हे मोजून बघेन.

पगार, आणि त्यानंतरचं

ऑफर आधीच्या पगारापेक्षा बरीच कमी होती, साधारण पाचवा हिस्सा कमी. घ्यायची की नाही यावर घरात चार दिवस चर्चा. याला वाटत होतं एकदा खाली आलो की कायमचा खाली आलो. ती भीती अगदीच निराधार नाही. जेकबसन, लालाँड आणि सुलिव्हन यांनी 1993 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कामगारांचा अभ्यास छापला, एकाच ठिकाणी बरीच वर्षं काढून काढले गेलेले लोक पाच-सहा वर्षांनीही, नोकरी टिकली असती तर जे मिळालं असतं त्याच्या साधारण 25 टक्के मागेच होते. कारण जुन्या पगारातला एक भाग त्या कंपनीच्या खास माहितीचा असतो, कुठली फाईल कुठे आणि कोणाला फोन केला की काम होतं याचा, आणि तो भाग दुसरीकडे कोणी विकत घेत नाही.

मग प्रश्न असा झाला की थांबलो तर जास्त मिळेल का. स्वतःला देत असलेला पगार अजून तीनेक महिने पुरणार होता, हातात दुसरं काही नव्हतं, आणि हॉस्पिटलचं क्षेत्र नवीन म्हणजे दोन वर्षांनी अनुभव दोन क्षेत्रांतला होणार होता. बायकोचं मत स्पष्ट होतं, घे. त्याने घेतली, पण आकडा वाढत नाही म्हटल्यावर दुसरं मागितलं: प्रोबेशन संपल्यावर पगाराचा फेरविचार होईल असं ऑफर लेटरमध्ये लेखी, आणि पदाच्या नावात 'मॅनेजर'. दोन्ही मिळालं, त्यांना ते फुकटच होतं.

लोकांना वाटतं इथे केस संपली. तसं होत नाही. पहिले तीन-चार महिने बॉसने 'जरा केबिनमध्ये ये' म्हटलं की याच्या पोटात गोळा यायचा. टेबलावर स्वतःची एकही वस्तू ठेवली नव्हती, चहाचा मगसुद्धा रोज बॅगेतून न्यायचा आणि परत आणायचा. डबल काम करायचा, सुट्टी मागायला घाबरायचा. समुपदेशकाकडे जाणं त्याने नोकरी लागल्यावरही दोन महिने चालू ठेवलं ते बरं केलं.

मेसेज ज्यांना ज्यांना गेला होता त्या सगळ्यांना, उत्तर न देणाऱ्यांनाही, त्याने नवीन नोकरीचं कळवलं. त्या जुन्या ट्रेनी मुलीच्या कंपनीला आता हॉस्पिटल स्टोअरबद्दल काही अडलं तर ते यालाच विचारतात. शेजारच्या टेबलावरच्याचं नाव खरंच पुढच्या लिस्टमध्ये आलं, आणि त्याने पहिल्याच दिवशी याला फोन केला. याने त्याला सांगितलं, सही आज करू नकोस, आणि आज रात्री आपण दोघं मिळून कोणाकोणाला कळवायचं त्याची यादी करू.

पगार अजून जुन्या आकड्याला लागलेला नाही. फेरविचार झाला, थोडा वाढला, अर्धं अंतर भरलं असेल. घराचा हप्ता त्यांनी बँकेशी बोलून मुदत वाढवून कमी करून घेतला होता तो तसाच चालू आहे, त्यामुळे कर्ज चारेक वर्षं जास्त चालणार. यावर तो अजून चिडतो.